सादरीकरणाच्या मेनूतील शब्दांचे अर्थ एकदा ठरवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कर्वेनगर भागात गेली चौदा वर्षे मी प्रौढांसाठी संगणकाचे वर्ग घेते. माध्यमिक शाळांतले शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी, बचत गटाचा हिशेब सांभाळणाऱ्या महिला आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न चार चित्रांनिशी पडद्यावर मांडू पाहणारे ज्येष्ठ नागरिक, असे माझे विद्यार्थी. पत्रलेखन, तक्ते, बँकेचे व्यवहार हे सगळे ही मंडळी चिकाटीने शिकतात. मात्र सादरीकरण, म्हणजे आपण सगळे ज्याला सरसकट ‘पीपीटी’ म्हणतो ते, शिकवायला घेतले की वर्ग अडखळतो. पुष्कळ वर्षे मला वाटत होते की माझ्याच शिकवण्यात काही उणे आहे. आता माझी खात्री झाली आहे की अडचण बरीचशी शब्दांत आहे. मास्टर, लेआउट, थीम, टेम्पलेट, डिझाइन या शब्दांचे अर्थ सॉफ्टवेअरगणिक, आवृत्तीगणिक आणि काही वेळा एकाच खिडकीत कोपऱ्यागणिक बदलतात आणि मराठीतून शिकवणारे आपण सगळे तो गोंधळ जसाच्या तसा विद्यार्थ्यांच्या वहीत उतरवतो. म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. माझ्या वर्गात येणाऱ्या भूगोलाच्या एका बाईंनी नववीसाठी सह्याद्रीतल्या घाटवाटांवर बेचाळीस स्लाइडचे सादरीकरण केले होते. ताम्हिणी आणि वरंधा घाटातले फोटो त्यांनी स्वतः काढलेले होते. प्रत्येक स्लाइडच्या उजव्या कोपऱ्यात शाळेचे बोधचिन्ह होते. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे नवे बोधचिन्ह तयार झाले, तेव्हा ते सगळीकडे बदलावे असे मुख्याध्यापकांनी सांगितले. बाई रात्री जेवणे आटोपल्यावर बसल्या आणि जुने चिन्ह काढायचे, नवे चिकटवायचे, लहान करून कोपऱ्यात ओढायचे, असे बेचाळीस वेळा करून रात्री दीडला उठल्या. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकेक स्लाइड पुढे जाऊ लागली, तसे ते चिन्ह कधी जरासे वर, कधी जरासे डावीकडे सरकताना पहिल्या बाकावरच्या मुलांना दिसू लागले आणि धड्याकडचे लक्ष त्या कोपऱ्याकडे गेले.

यावरचा उपाय त्यांना कोणी सांगितला नव्हता असे नाही. ‘मॅडम, मास्टरमध्ये टाका, एकदाच टाकावे लागेल,’ असे एका तरुण सहकाऱ्याने त्यांना सांगितले होते आणि त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. पण तो शाळेतल्या संगणकाबद्दल बोलत होता आणि बाईंच्या घरचे सॉफ्टवेअर वेगळे होते. घरी त्यांना बाजूच्या पट्टीत ‘मास्टर स्लाइड’ हे शब्द दिसले. त्याखाली रंगीत नक्षीची लहान लहान चित्रे होती. त्यांतले एक दाबल्याबरोबर त्यांच्या घाटवाटांवर निळी नक्षी पसरली आणि अक्षरांचे वळण बदलले. त्यांनी घाबरून ते उलटवले आणि सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मग लेआउटमध्ये बघा.’ लेआउटमध्ये जाऊन त्यांनी एक चित्र दाबले, तर ‘येथे शीर्षक लिहा’ अशा अर्थाच्या रिकाम्या चौकटी येऊन त्यांच्या मजकुरावर बसल्या. दोन शहाणी, शिकलेली माणसे एकच शब्द वापरत होती आणि दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळ्या वस्तू होत्या. यात बाईंची चूक नाही आणि त्या सहकाऱ्याचीही नाही.

त्या दोन वस्तू नेमक्या कोणत्या, हे सांगण्यासाठी थोडे खोलात जावे लागेल. शाळेतल्या पॉवरपॉइंटमध्ये ‘स्लाइड मास्टर’ हा सगळ्यांत वरचा असतो आणि त्याच्या पोटात अनेक ‘लेआउट’ असतात: शीर्षकाचा एक, दोन रकान्यांचा एक, नुसत्या चित्राचा एक, आणि आपल्याला हवा तसा नवा लेआउटही आपण त्यात घालू शकतो. बाईंच्या घरच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिस या मोफत संचातल्या इम्प्रेसमध्ये, मात्र मास्टर आणि लेआउट हे एकमेकांच्या पोटात नसून शेजारी शेजारी उभे असतात. तिथे मास्टर स्लाइड पार्श्वभूमी आणि अक्षरांची धाटणी सांभाळते, तर लेआउट म्हणजे चौकटींच्या ठरावीक रचनांचा संच. त्यात मेनूतून आपली स्वतःची भर घालता येत नाही. अ‍ॅपलच्या कीनोटने तर बरीच वर्षे ‘मास्टर स्लाइड’ हे नाव ज्याला दिले होते, ते जवळपास पॉवरपॉइंटमधले लेआउट होते, आणि पुढे त्यांनी ते नाव बदलून ‘स्लाइड लेआउट’ केलेच. गूगल स्लाइड्समध्ये ज्या खिडकीला पूर्वी ‘मास्टर’ म्हणत, तिला आता ‘थीम बिल्डर’ म्हणतात. म्हणजे ‘मास्टर’ हा शब्द ऐकल्यावर माणसाने कोणती वस्तू डोळ्यांपुढे आणायची, हे त्याच्यासमोर कोणाचे सॉफ्टवेअर आणि कोणत्या सालचे, यावर अवलंबून राहते.

हा फरक फक्त नावापुरता राहिला असता तर मी आपली जागा अडवली नसती. पॉवरपॉइंटमध्ये केलेली फाइल इम्प्रेसमध्ये उघडली, की तिथल्या एका मास्टरखालचे निरनिराळे लेआउट इथे निरनिराळ्या मास्टर स्लाइड होऊन उतरतात. शाळेत ज्या कोपऱ्यात एकदाच चिन्ह टाकून काम भागत होते, तिथे घरी चार-पाच मास्टर उभे राहतात आणि एकात केलेला बदल दुसऱ्यात दिसत नाही. शब्दांच्या तळाशी असलेल्या कल्पना वेगळ्या असल्यामुळे असे होते. त्या कल्पना विद्यार्थ्याला माहीत असतील तर तो दोन मिनिटांत वाट काढतो. ‘मास्टर म्हणजे व्ह्यूमधले तिसरे-चौथे बटण’ एवढेच ज्याने वहीत लिहिले आहे, त्याला मात्र ती फाइल बिघडल्यासारखी वाटते.

लेआउट या शब्दाची हालत याहून वाईट आहे, आणि तीही एकाच सॉफ्टवेअरच्या आत. पॉवरपॉइंटमध्ये होम या पट्टीवर लेआउट आहे, तो स्लाइडवरच्या चौकटींचा. स्लाइडवर तक्ता काढून त्यावर टिचकी मारली की वर लेआउट नावाची आणखी एक पट्टी उगवते, ती ओळी आणि स्तंभांची. स्मार्टआर्टची आकृती घातली तर त्याचेही लेआउट वेगळे. छापायला गेले की तिथल्या यादीतही लेआउट आहे, तो कागदावर काय छापायचे याचा. मास्टरच्या खिडकीत तर ‘मास्टर लेआउट’ असे दोन्ही शब्द एकत्र लिहिलेले एक बटण आहे, आणि त्याने ना मास्टर बदलतो ना लेआउट. मास्टरवरून पुसली गेलेली तारखेची, पानाच्या आकड्याची वगैरे चौकट त्याने परत आणता येते. वर्डमधून सादरीकरणाकडे आलेल्या विद्यार्थ्याला लेआउट म्हणजे कागदाचा समास आणि आडवा-उभा कागद एवढेच ठाऊक असते, कारण तिथे त्या पट्टीत तेच असते. माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ येतात, ज्यांची सारी नोकरी जमिनीच्या नकाशांवर गेली. त्यांना लेआउट म्हटले की बिनशेती भूखंडांचा मंजूर नकाशाच आठवतो, आणि पुण्याच्या आसपास जमिनीचे जे व्यवहार चालतात ते पाहता त्यात नवल नाही. त्यांनी मला विचारले, ‘बाई, मंजूर झालेला लेआउट असा वाटेल तेव्हा कसा काय बदलता येतो?’ प्रश्न मनापासूनचा होता आणि अचूकही होता. त्या दिवसापासून मी वर्गात ‘लेआउट’ऐवजी ‘मांडणी’ म्हणू लागले. पान वाढताना मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे आणि भात मध्ये, ही जशी पानाची मांडणी, आणि पदार्थ बदलले तरी जागा ठरलेल्या, तशी स्लाइडची मांडणी, असे सांगितल्यावर पुन्हा तो शब्द समजावण्याची वेळ आलेली नाही.

हे शब्द असे का झाले, याचे कारण त्यांच्या वयात आहे. ‘स्लाइड’ हा शब्द संगणकाच्या फार आधीचा. काचेच्या चित्रित पट्ट्या दिव्यासमोर सरकवून पडद्यावर मोठ्या करून दाखवण्याचा खेळ आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी गावोगावी नेला आणि त्या यंत्राला ‘शांबरिक खरोलिका’ असे अस्सल नाव दिले. पुढे पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या स्लाइड आल्या, मग महाविद्यालयांतून ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि त्यावर ठेवायच्या पारदर्शक फिती आल्या. माझ्या पिढीने त्या हाताने लिहिल्या आहेत. पॉवरपॉइंट 1987 साली मॅकिंटॉशसाठी प्रथम बाजारात आले, तेव्हा ते या पारदर्शक फितींची पाने तयार करण्यासाठीच होते आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते तयार करणारी कंपनी विकत घेतली. सगळ्या स्लाइड लहान आकारात एकत्र दाखवणाऱ्या खिडकीचे ‘स्लाइड सॉर्टर’ हे नाव ऐकून आजच्या मुलांना काही बोध होत नाही. प्रकाशाच्या टेबलावर फिल्मच्या स्लाइड मांडून त्यांचा क्रम लावताना ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच तो शब्द दिसतो. मूळ कामे गेली, साधने गेली, आणि त्यांची नावे मेनूत उरली. इंग्रजी बोलणाऱ्यालासुद्धा ती आता शिकूनच घ्यावी लागतात. आपल्याला तर ती दुहेरी परकी आहेत.

त्यात भर पडते ती आवृत्त्यांची. ज्यांनी पॉवरपॉइंटची 2003ची आवृत्ती शिकली त्यांना ‘डिझाइन टेम्पलेट’, म्हणजे रंग आणि अक्षरांचा तयार जोड, ठाऊक होते. 2007 साली मेनू जाऊन रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आली आणि त्याच गोष्टीला ‘थीम’ म्हणू लागले. टेम्पलेट हा शब्दही राहिला, पण आता त्याचा अर्थ नमुन्याच्या मजकुरासह साठवलेली अख्खी फाइल असा झाला. पुढे ‘डिझाइन’ नावाच्या पट्टीच्या जोडीला ‘डिझायनर’ नावाचे बटणही आले, जे स्लाइड पाहून तयार रचना सुचवते. लिब्रेऑफिस ज्यातून निघाले त्या जुन्या ओपनऑफिसमध्ये ‘मास्टर पेजेस’ म्हणत, आता लिब्रेऑफिसमध्ये ‘मास्टर स्लाइड’ म्हणतात. आणि इम्प्रेस सुरू करताना जी नक्षी ‘टेम्पलेट’ म्हणून निवडायला सांगितली जाते, तीच आत गेल्यावर बाजूच्या पट्टीत ‘मास्टर स्लाइड’ म्हणून हजर असते. आमच्या बाईंनी जे निळ्या नक्षीचे चित्र दाबले ते असे होते.

इतक्या वर्षांत ज्या एका शब्दजोडीने माझ्या विद्यार्थ्यांचे सर्वांत जास्त नुकसान केले, ती मात्र मेनूत ठळकपणे दिसतही नाही. ती म्हणजे प्लेसहोल्डर आणि टेक्स्ट बॉक्स. नवी स्लाइड घेतल्यावर तुटक रेषांच्या ज्या चौकटी आपोआप येतात, ते प्लेसहोल्डर. आपण इन्सर्टमधून स्वतः आखतो तो टेक्स्ट बॉक्स. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हीत अक्षरे उमटतात, म्हणून बहुतेक जण आपोआप आलेल्या चौकटी पुसून टाकतात आणि जिथे हवे तिथे टेक्स्ट बॉक्स काढत सुटतात. परिणाम नंतर कळतो. मांडणी बदलली की प्लेसहोल्डरमधला मजकूर नव्या जागी जातो आणि टेक्स्ट बॉक्स होता तिथेच राहतो, म्हणून एकावर एक अक्षरे चढतात. मास्टरवर शीर्षकाचा फॉन्ट बदलला तर प्लेसहोल्डरमधली शीर्षके बदलतात, टेक्स्ट बॉक्समधली जुन्याच फॉन्टमध्ये राहतात. आउटलाइनमध्ये, म्हणजे स्लाइडच्या नुसत्या मजकुराच्या यादीत, केवळ प्लेसहोल्डरमधला मजकूर दिसतो. ज्याने सगळे टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिले आहे, त्याला तिथे बेचाळीस रिकाम्या ओळी दिसतात. आणि ज्याला मी सर्वांत गंभीर मानते ते असे की दृष्टिहीन वाचकाचे वाचक-सॉफ्टवेअर स्लाइडचे नाव म्हणून शीर्षकाच्या प्लेसहोल्डरमधलाच मजकूर ओळखते. तो रिकामा किंवा पुसलेला असेल तर त्या वाचकापुरत्या सगळ्या स्लाइड बिननावाच्या असतात. ज्या शिक्षकाच्या वर्गात एकच दृष्टिहीन विद्यार्थी आहे, त्याला हा फरक पहिल्या दिवशी कळायला हवा.

मी हा फरक वर्षानुवर्षे इंग्रजी शब्दांनी शिकवत होते आणि तो टिकत नव्हता. मग एकदा एसटीची आठवण झाली. एसटीत काही आसनांच्या वर रंगाने लिहिलेले असते, अमुकांसाठी राखीव. आसन रिकामे असले तरी ते कोणाचे ते ठरलेले असते. प्लेसहोल्डर म्हणजे ‘राखीव चौकट’, शीर्षकासाठी राखीव, चित्रासाठी राखीव, पानाच्या आकड्यासाठी राखीव. आणि टेक्स्ट बॉक्स म्हणजे ‘सुटी चौकट’, जिला कोणतीही जागा नेमून दिलेली नाही. फळ्यावर हे दोन शब्द लिहिले आणि पुढच्या तासाला बचत गटाच्या एका ताईंनी शेजारणीला सांगितलेले मी ऐकले, ‘अगं, ती राखीव पुसू नकोस, तिच्यातच लिही.’ चौदा वर्षांत प्लेसहोल्डर हा शब्द असा एकीकडून दुसरीकडे गेलेला मी ऐकला नव्हता.

यावरून कोणी मला शुद्धीकरणवादी समजू नये. स्लाइड, फाइल, फॉन्ट, प्रिंट हे शब्द मराठीने केव्हाच आपले केले आहेत. स्लाइडला ‘सरकपट्टी’ म्हणण्याचा आग्रह मी धरणार नाही. ‘शांबरिक खरोलिका’ हे नाव माझ्या फार आवडीचे आहे, तरीही ते लोकांच्या तोंडी का राहिले नाही हे मला समजते. माझे म्हणणे इतकेच की जिथे इंग्रजी शब्द स्वतःच दोन-तीन अर्थांत अडकलेला आहे, तिथे मराठी शब्द देण्याची ही उत्तम संधी आहे, कारण आपण तो बटणाच्या जागेवरून न ठरवता कामावरून ठरवू शकतो. जिच्यावर एकदा टाकलेले सगळीकडे दिसते ती मूळ स्लाइड, म्हणजे मास्टर. चौकटींची रचना ती मांडणी. रंग आणि अक्षरे यांचा जोड ते रंगरूप. पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी ठेवलेली नमुन्याची फाइल तो साचा, आणि मराठी विकिपीडियावर टेम्पलेटसाठी हाच शब्द रुळलेला आहे. हे चार शब्द हाताशी असले की कोणत्याही सॉफ्टवेअरपुढे बसलेला माणूस ‘इथे मूळ स्लाइडला काय म्हणतात?’ असा प्रश्न विचारू शकतो.

मात्र मराठी शब्द केवळ मराठी आहे म्हणून तो चांगला ठरत नाही, हेही मला तितक्याच कळकळीने सांगायचे आहे. ट्रान्झिशन म्हणजे एक स्लाइड जाऊन दुसरी येताना होणारा बदल आणि अ‍ॅनिमेशन म्हणजे स्लाइडच्या आतल्या वस्तूंची हालचाल. या दोहोंत गल्लत सगळेच करतात. ट्रान्झिशनसाठी ‘संक्रमण’ हा शब्द कोशाच्या दृष्टीने चूक नाही, मकरसंक्रमण आपण म्हणतोच. पण करोनाच्या काळात हिंदी बातम्यांच्या प्रभावाने संसर्गाच्या अर्थाने हाच शब्द मराठीत इतका घुसला की मी तो वर्गात उच्चारला तेव्हा एका आजोबांनी फाइलला विषाणू लागला का असे काळजीने विचारले. मी आता ‘पालट’ म्हणते. पान पालटते तशी स्लाइड पालटते, आणि ‘हालचाल’ आतल्या वस्तूंची. दोन्ही शब्द घरातले आहेत आणि त्यांची एकमेकांशी गल्लत होत नाही. मांडणीसाठी हिंदीतून ‘अभिन्यास’ उचलण्याबाबतही माझी हीच हरकत आहे. तो शब्द आपल्याकडे नगररचनेच्या कागदांत आधीच कामाला लागला आहे, म्हणजे आमच्या निवृत्त गृहस्थांची अडचण जिथल्या तिथे राहील.

अनुवाद करणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे काम कसे चालते हे मी थोडे जवळून पाहिले आहे. लिब्रेऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे अनुवाद मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक करतात आणि त्यांच्यापुढे मेनू उघडलेला नसतो. एकामागून एक सुटे शब्द येतात आणि प्रत्येकापुढे मराठी शब्द लिहायचा असतो. ‘प्रेझेंट’ एवढाच शब्द समोर आला तर ते ‘सादर करा’ आहे, ‘सध्याचे’ आहे की ‘उपस्थित’ आहे, हे कळणार कसे? ‘ऑर्डर’ म्हणजे आज्ञा, क्रम की मागणी? ‘नोट्स’ म्हणजे वक्त्याने स्वतःसाठी लिहिलेली टिपणे, की दुसऱ्याने काढलेले शेरे? असा एकेक शब्द निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या वर्षी भरला गेला तर एकाच वस्तूला दोन नावे आणि दोन वस्तूंना एक नाव पडणे अटळ आहे. यावर उपाय म्हणजे आधी ठरवलेली शब्दांची यादी आणि त्या यादीतल्या प्रत्येक शब्दाशेजारी त्या वस्तूचे चित्र. चित्र असेल तर भाषातज्ज्ञ, शिक्षक आणि संगणक अभियंता हे तिघे एकाच वस्तूबद्दल बोलतील.

हे काम पुण्यात होऊ शकते, किंबहुना पुण्यातच व्हावे असे मला वाटते. भारतीय भाषा संगणकावर आणण्यात ज्या सी-डॅकचा मोठा वाटा आहे ती संस्था 1988पासून इथे आहे. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम 2001पासून राज्याच्या खेडोपाडी पोहोचवणारी एमकेसीएल इथली. पाठ्यपुस्तके करणारी बालभारती इथली, शिक्षक प्रशिक्षणाचे काम पाहणारी राज्य परिषद सदाशिव पेठेत. मुंबईत भाषा संचालनालय आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने इम्प्रेसचे धडे मराठीतून ऐकण्याची सोय केव्हाच केली आहे, म्हणजे इच्छा आणि कष्ट या दोहोंची आपल्याकडे वाण नाही. या सगळ्यांनी मिळून सादरीकरणातल्या फार तर साठ-सत्तर शब्दांची एक सचित्र यादी करावी आणि तीच पाठ्यपुस्तकात, प्रशिक्षणात आणि सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादात वापरावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. यादी करताना एक गोष्ट जरूर करावी: शब्द छापण्याआधी तो पाच अशा माणसांपुढे ठेवावा ज्यांनी सादरीकरण कधी केलेले नाही, आणि त्या शब्दावरून ते कोणते बटण दाबतील हे गप्प बसून पाहावे. कोशाच्या पानावर शोभणारा शब्द आणि माणसाचा हात योग्य जागी नेणारा शब्द यांत दरवेळी एकमत होत नाही.

यादी होईपर्यंत माझ्यासारख्या वर्ग घेणाऱ्यांना हात बांधून बसण्याचे कारण नाही. बटणाचे नाव इंग्रजीत असले तर असू द्यावे, पण शिकवताना आधी वस्तू दाखवावी, तिचे काम सांगावे, मराठी नाव द्यावे आणि मग या सॉफ्टवेअरमध्ये तिला अमुक म्हणतात असे सांगावे. क्रम उलटा झाला की विद्यार्थी बटणाची जागा पाठ करतो आणि पुढच्या आवृत्तीत ती जागा बदलली की त्याचे शिक्षण तिथेच संपते. हँडआउट हा शब्द न समजल्यामुळे तीस स्लाइडसाठी तीस कागद छापून आणणारे लोक मी दर वर्षी पाहते; ‘वाटायची प्रत’ असे म्हणून एका कागदावर सहा स्लाइड बसवून दाखवल्या की त्यांना पाच कागद लागतात. तीन स्लाइड एका कागदावर घेतल्या तर पॉवरपॉइंट शेजारी लिहायला रेघाही देते, आणि हे कळल्यावर शिक्षकांना झालेला आनंद पाहण्यासारखा असतो.

आपल्या दैनिकालाही एक विनंती करते. संगणकाविषयीचे लेख आपण नियमित छापता आणि माझे कित्येक विद्यार्थी ती कात्रणे घेऊन वर्गात येतात. त्या लेखांत ‘मास्टर’, ‘लेआउट’, ‘थीम’ असे शब्द येतील तेव्हा कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती समोर ठेवून ते लिहिले आहे, एवढे एका ओळीत सांगितले तरी पुष्कळ घरांतला संध्याकाळचा एक तास वाचेल. माझ्या वर्गात वापरून टिकलेल्या सव्वीस शब्दांची हाताने काढलेल्या चित्रांसह केलेली यादी या पत्रासोबत पाठवत आहे. ती छापावी असा आग्रह नाही. मात्र तिच्यात चूक आढळली किंवा एखाद्या शब्दाला याहून सोपा पर्याय वाचकांपैकी कोणाला सुचला, तर तो आपल्या स्तंभातून कळावा अशी इच्छा आहे. विशेषतः ‘रंगरूप’ या शब्दाबाबत माझे पुरते समाधान झालेले नाही, कारण थीममध्ये रंगांइतकीच अक्षरेही असतात आणि ती या शब्दात दिसत नाहीत.

भूगोलाच्या बाईंचे सादरीकरण आम्ही दोघींनी मिळून दुरुस्त केले. बेचाळीस बोधचिन्हे काढायला पाऊण तास लागला आणि मूळ स्लाइडवर नवे चिन्ह ठेवायला दोन मिनिटे. शिक्षकांची नवी तुकडी येत्या सोमवारी सुरू होत आहे आणि पहिल्या तासाला त्या बाईच ही दोन मिनिटे सर्वांना करून दाखवणार आहेत.

आपली नम्र,
एक संगणक शिक्षिका,
कर्वेनगर, पुणे